पोचा गाडीला, घोर जिवाला!

सोमवार. सकाळचे पावणेनऊ. साडेनऊला क्लायंट कॉल, हिंजवडीपर्यंतचा ट्रॅफिक, अर्धवट खाल्लेला पराठा आणि बेसमेंटमधून गाडी बाहेर काढण्याची घाई. आरशात बघितलं होतं हो मी! पण उजव्या आरशात. डावीकडे खांब होता. ‘कर्रर्र’ असा आवाज आला आणि पोटात जे काही होतं ते घशापर्यंत आलं.

खाली उतरून बघितलं. डावीकडचं मागचं दार आणि त्याच्या पुढे चाकावरचा पत्रा, दोन्हीकडे मिळून हातभर लांब पोचा. मधे रंग उडालेला. खांब मात्र जसाच्या तसा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांत ऐटीत उभा.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पुण्यात गाडी चालवतेस आणि गाडीला पोचा नाही, म्हणजे तू गाडी चालवतच नसशील! मान्य. पण ही गाडी माझी नव्हती. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली ही सिल्व्हर रंगाची हॅचबॅक. साताऱ्यात सहा वर्षं त्यांनी ती लेकीसारखी सांभाळली. म्हणजे लेकीपेक्षा जास्तच. मला कधी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसल्याचं आठवत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रात्रीचं ड्रायव्हिंग बंद झालं आणि एक दिवस त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ‘जपून,’ एवढंच म्हणाले.

तर अशा गाडीला मी एप्रिलमध्ये खांबावर घासलं. आणि त्यानंतर जे जे केलं, ते ते चुकीचं केलं. तुम्ही तसं करू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

चूक नंबर एक: ‘संध्याकाळी घेऊन जा’

इन्शुरन्स क्लेमचा विचार आला होता मनात. पण पॉलिसी बाबांच्या नावावर. क्लेम करायचा तर बाबांची सही लागणार, सही मागायची तर सांगावं लागणार. त्यापेक्षा गपचूप काम उरकू, असा विचार मी केला. (या ‘गपचूप’नं पुढे काय काय केलं, ते येईलच.)

ऑफिसच्या वाटेवर झाडाखाली एक गॅरेज होतं. त्यानं गाडीभोवती अर्धी फेरी मारली, पोच्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, ‘बावीसशे. संध्याकाळी घेऊन जा मॅडम.’ मला तर देवच भेटला! संध्याकाळी साडेसातला गेले, ट्यूबलाइटच्या उजेडात दार चकचकीत दिसत होतं. बिल मागितलं नाही, त्यानं दिलं नाही. घरी येताना मी स्वतःवर एवढी खूश होते, की वाटेत आइस्क्रीम खाल्लं.

दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं तर दाराचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा जरा काळपट. ‘दिसतंय कोणाला!’ म्हणून सोडून दिलं. जून गेला, जुलै आला. पुण्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैच्या शेवटी दारावर तांदळाएवढे फोड दिसायला लागले. मग वाटाण्याएवढे. एका रविवारी नखानं एक फोड खरवडला तर रंगाचा पापुद्रा निघाला, खाली पिवळट-राखाडी काहीतरी आणि त्याच्या कडेला गंजाची रेघ.

चूक नंबर दोन: ती माझी

गणपतीच्या आधी आई-बाबा आले. बाबा पार्किंगमध्ये गेले ते सवयीनं फडकं घेऊनच. पाच मिनिटांत वर आले. ‘दाराला काय झालंय?’

माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकली, बाबा. कोण ते कळलंच नाही.’

बास. एवढंच वाक्य. ऑफिसमध्ये आपण दिवसाला अशी दहा वाक्यं बोलतो. ‘मेल पाहिला नाही’, ‘नेटवर्क नव्हतं’, ‘ट्रॅफिक होता’. पण बाबा जुन्या वळणाचे. त्यांनी ते वाक्य खरं मानलं. खाली जाऊन वॉचमनकाकांना विचारलं, ‘तुम्ही इथे बसता कशाला? रात्री कोण आलं, कोण गेलं, नोंद नाही तुमच्याकडे?’ काका बिचारे मान खाली घालून उभे. तेवढ्यावर थांबले असते तर ते बाबा कसले! त्यांनी स्वच्छ अक्षरात सोसायटीला अर्ज लिहिला. सेक्रेटरींना आधीपासून वॉचमन बदलायचाच होता. त्यांनी एजन्सीला फोन करून टाकला, ‘1 तारखेपासून दुसरा माणूस द्या.’

मला हे आईकडून कळलं. रात्री झोप लागली नाही. उद्या सांगते, परवा सांगते, असं करत तीन दिवस गेले. रोज सकाळी काका गेट उघडायचे आणि नेहमीसारखं म्हणायचे, ‘सावकाश जा, ताई.’

एसी, कॉफी आणि तेवीस हजार सहाशे

शनिवारी मी एका मोठ्या, काचेच्या शोरूमच्या बॉडी शॉपला गेले. एसी, कॉफी, टायवाला अ‍ॅडव्हायझर. त्यानं टॅबवर फोटो काढले आणि एस्टिमेट दिलं: मागचं दार नवीन, चाकावरचा पत्रा पेंट, मागचा बंपर पेंट. जीएसटी धरून 23,600 रुपये!

‘दार बदलायलाच हवं का? पोचा काढता येणार नाही?’ मी विचारलं.

‘मॅडम, तुम्ही कशाला टेन्शन घेता? क्लेममध्ये बसवू ना.’

‘आणि बंपरचं काय? त्याला तर त्या वेळी काही झालं नव्हतं. तो ओरखडा जुना आहे.’

‘तोही यातच टाकू. लिहायचं, अज्ञात वाहनानं मागून ठोकलं. सगळे तसंच करतात. फक्त गाडी ज्यांच्या नावावर आहे, त्यांना घेऊन या. किंवा घरातल्या कोणा जेंट्सना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’

मी सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. मला कोड समजतो, पण दार नाही समजणार! पण खरं सांगू? राग त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त आला. ‘अज्ञात वाहन’ ही स्टोरी त्याच्या आधी मीच सांगून बसले होते.

एक गोष्ट मात्र त्या कॉफीसोबत पक्की कळली. जो माणूस आपल्यासाठी इन्शुरन्स कंपनीला फसवायला तयार असतो, तो स्वतःसाठी आपल्याला फसवायला किती वेळ घेईल? शिवाय खोट्या क्लेमवर सही आपली असते, अ‍ॅडव्हायझरची नाही. दोन वेगवेगळ्या वेळी झालेलं नुकसान म्हणजे दोन वेगळे क्लेम. सर्व्हेअरच्या नजरेला जुना ओरखडा आणि नवा ओरखडा वेगळा दिसतो. पकडलं गेलं तर सगळा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

ज्याची गाडी रोज रस्त्यावर, त्याला विचारा

सोमवारी ऑफिसच्या कॅबनं गेले. ड्रायव्हरदादांना सहज विचारलं, ‘तुमची गाडी ठोकली तर कुठे नेता हो?’ दादांनी एका क्षणात पत्ता सांगितला. ‘वेळ लावतो, ताई. पण पुन्हा जावं लागत नाही.’

बघा, आपण मोबाइल घेताना दहा जणांना विचारतो. पण डेंटिंग-पेंटिंग कुठे करायचं हे विचारायला आपल्याकडे माणूसच नसतो. विचारायचं तर ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याला विचारा. कॅबवाले, ड्रायव्हिंग स्कूलवाले, जुन्या गाड्या विकणारे. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तर कमाई बुडते. वाईट कामाची चैन त्यांना परवडत नाही.

मंगळवारी सुट्टी टाकली. बाबा म्हणाले, ‘मीही येतो.’ नाही कसं म्हणणार!

गॅरेज एका गल्लीच्या टोकाला. बोर्ड साधा, पण आत फरशी झाडलेली. एका बाजूला पत्र्याचं काम, दुसऱ्या बाजूला दार बंद होणारा पेंट बूथ. ही पहिली चांगली खूण, बरं का! जिथे डेंटिंगची धूळ उडते तिथेच उघड्यावर रंग मारला, तर धुळीचे कण ओल्या रंगात बसणारच. ज्यांच्या गाड्या झाल्या होत्या त्या उन्हात उभ्या होत्या, आत ट्यूबलाइटखाली नाही. ही दुसरी खूण.

मालकांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत होते. पन्नाशीचे, हात रंगलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी बाबांना नमस्कार केला आणि प्रश्न मला विचारला. ‘गाडी कोण चालवतं? तुम्ही? मग तुम्ही सांगा, ताई.’ ही तिसरी खूण!

त्यांनी खिशातून लहानसं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं (रंगाला ओरखडा नको म्हणून) आणि पुढच्या दाराला लावलं. टच्चकन चिकटलं. मागच्या दाराला जिथे फोड होते तिथे लावलं, तर घसरून खाली पडलं.

‘पत्रा ओढलाच नाही त्यानं. खड्ड्यात पुट्टी भरली आणि वरून रंग मारला. बोटभर जाडी असेल.’ मग त्यांनी जे समजावलं ते मला आयटीतल्या कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा चांगलं समजलं. पुट्टी वाईट नसते. ती पत्रा सरळ केल्यावर उरलेली उन्नीस-बीस भरायला असते, मिलिमीटर-दोन मिलिमीटर. पण ती स्पंजसारखी पाणी धरते. घाईत ओली घासली, नीट वाळू दिली नाही, खाली उघड्या पत्र्यावर गंजविरोधी प्रायमर मारला नाही, की ओल आतच कोंडते. पावसाळ्यात ती फुगते आणि वर फोड येतात. खाली पत्रा गंजायला लागतो तो वेगळाच. म्हणजे माझे बावीसशे रुपये वाया गेलेच, पण दाराचं नुकसानही वाढलं.

पिवळ्या रंगाची गाडी

मग उस्ताद उकिडवे बसले. दाराच्या खालच्या कडेला, जिथे आधीच्या महाशयांचा हात पोचला नव्हता, तिथे टॉर्च मारला. नखानं काहीतरी खरवडलं आणि हसत विचारलं, ‘कोणी ठोकली म्हणालात?’

‘पार्किंगमध्ये. अज्ञात गाडी,’ बाबा म्हणाले.

‘साहेब, तुमच्या सोसायटीत पिवळ्या रंगाची गाडी कोणाची आहे?’

त्यांच्या नखावर पिवळ्या रंगाची कपची होती. मागे थोडं सिमेंटही. ‘आणि बघा, मार पुढून मागे ओढत गेलाय, एका रेषेत. गाडीनं ठोकली की एका ठिकाणी खड्डा पडतो. ही उभी वस्तू आहे. आपली गाडी चालली, ती नाही चालली.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. पुणे शहरात त्या क्षणी एकही हॉर्न वाजला नाही, असं मला वाटलं.

‘खांब,’ मी म्हणाले. ‘मीच घासली. एप्रिलमध्ये.’

बाबा काही बोलले नाहीत. ते काही बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते, हे ज्यांचे बाबा तसे आहेत त्यांना सांगायला नको. उस्तादांना आपण काय करून बसलो ते कळलं असावं. त्यांनी पटकन चहा मागवला.

चहा येईपर्यंत बाबांनी शोरूमचं एस्टिमेट माझ्या हातातून घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडायला लागले. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात आयुष्य काढलेला माणूस. रागावला तरी आकडेच मांडणार!

क्लेम करावा की नाही?

तो कागद मी जपून ठेवला आहे. प्रत्येक कारवाल्यानं एकदा हा हिशोब करून बघावा.

बाबांनी सहा वर्षांत एकही क्लेम केला नव्हता. म्हणून ‘नो क्लेम बोनस’ वाढत वाढत 50 टक्क्यांवर गेलेला, म्हणजे कमाल. हा बोनस पॉलिसीतल्या ‘ओन डॅमेज’ भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम 6,000 रुपये आहे, तर आपण 3,000 भरतो. आता क्लेम केला, की बोनस थेट शून्य. मग एकही क्लेम न करता तो 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के अशा पायऱ्या पुन्हा चढायच्या. मूळ प्रीमियम तोच राहिला असं धरलं तर पहिल्या वर्षी 3,000 रुपये जादा जातात, दुसऱ्या वर्षी 1,800, तिसऱ्या वर्षी 1,500, चौथ्या वर्षी 900, पाचव्या वर्षी 300. बेरीज 7,500 रुपये!

शिवाय क्लेममध्येही सगळे पैसे मिळत नाहीत. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले 1,000 रुपये सर्वसाधारणपणे आपलेच. झीरो डेप्रिसिएशन कव्हर नसेल तर घसारा कापला जातो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के, प्लास्टिक आणि रबरवर 50 टक्के. रंगाच्या मटेरियलवरही 50 टक्के. आमची गाडी सहा वर्षांची, झीरो डेप नाही.

उस्तादांनी दार न बदलता कामाचा आकडा सांगितला, 7,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 8,260. क्लेम केला असता तर हातात मिळालं असतं सातएक हजार किंवा त्याहून कमी, आणि पाच वर्षांत गेले असते साडेसात हजार. बाबांनी कागदावर दोन रेघा ओढल्या आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘क्लेम नको. खिशातून भरू.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘तुझ्या खिशातून.’

याचा अर्थ क्लेम कधीच करू नये असा नाही. नुकसान मोठं असेल, चासी, सस्पेन्शन, लाइट यांना मार बसला असेल, तर क्लेम जरूर करावा. त्यासाठीच आपण प्रीमियम भरतो. ‘नो क्लेम बोनस प्रोटेक्ट’ नावाचं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर हिशोब आणखी वेगळा. पण क्लेम करायचा असेल तर गाडी उघडण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हे होऊ द्या. आधी दुरुस्ती आणि मग फोन, हे चालत नाही. कॅशलेस हवं असेल तर गॅरेज कंपनीच्या यादीतलं लागतं. यादीबाहेरच्या गॅरेजमध्ये आधी आपण बिल भरायचं आणि मग कंपनीकडून घ्यायचं.

चार दिवस का लागले?

‘संध्याकाळी मिळेल का?’ मी सवयीनं विचारलं. उस्ताद म्हणाले, ‘संध्याकाळी मिळालेलीच घेऊन आलात ना?’ विषय संपला.

पहिला दिवस जुनी पुट्टी काढून पत्रा उघडा करण्यात गेला. दाराचं आतलं ट्रिम काढलं, जिथे हात जातो तिथे आतून पत्रा ढकलला. चाकाच्या वरचा पत्रा आतून बंद, तिथे हात जात नाही. म्हणून त्यावर वॉशर वेल्ड करून पुलरनं थोडा थोडा बाहेर ओढला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढली. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जपायची तर हे करायलाच हवं. वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्र्याच्या मागच्या बाजूचं गंजविरोधी कोटिंग जळतं, ते आतून पुन्हा मारलं. दुसऱ्या दिवशी पातळ पुट्टी, घासणं, प्रायमर. तिसऱ्या दिवशी रंग.

रंगाची एक गंमत कळली. मला वाटायचं, गाडीचा पेंट कोड दिला की तोच रंग येतो. कोड बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर असतो, तो लागतोच. पण सहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडमधला राहिलेला नसतो. त्यात सिल्व्हर सगळ्यात अवघड! त्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते कसे पडतात त्यावर शेड बदलते. समोरून जुळलेला रंग तिरका बघितला की काळा दिसतो. म्हणून उस्तादांनी आधी एका कार्डावर रंग मारला, वाळवला आणि उन्हात गाडीला लावून बघितला. तिसऱ्या कार्डाला मान डोलावली. शिवाय रंग दाराच्या कडेला तोडून संपवला नाही, तो शेजारच्या पत्र्यावर विरवत नेला, म्हणजे डोळ्याला जोड सापडत नाही. वर क्लिअर कोट आणि मग बूथमध्ये साधारण 60 अंशांवर अर्धा तास भाजणं. रंग हार्डनर मिसळलेला, ज्याला ते ‘टू-के’ म्हणतात. स्वस्तात उरकणारे हवेवर वाळणारा साधा रंग मारतात, तो दोन उन्हाळ्यांत फिका पडतो.

पुढच्या दारालाही एक लहानसा पोचा होता, कोणाच्या तरी बाइकच्या हँडलचा असावा. मी म्हटलं, ‘तोही रंगवा.’ उस्ताद म्हणाले, ‘कशाला? रंग तुटला नाहीये. आतून रॉड घालून निघेल. कंपनीचा रंग आहे तोवर त्याला हात लावायचा नाही. असा रंग आम्हालाही पुन्हा मारता येत नाही.’ याला म्हणतात पेंटलेस डेंट रिपेअर. रंग शाबूत असेल आणि पोचा कडेवर किंवा फार टोकदार नसेल तर ही उत्तम पद्धत. आपलं काम कमी करून सांगणारा कारागीर भेटला की समजावं, योग्य ठिकाणी आलो!

गेटवर

गाडी शुक्रवारी मिळाली. पण त्याआधी मंगळवारीच, गॅरेजमधून परत आल्यावर, बाबा रिक्षातून उतरले ते सरळ वॉचमनच्या केबिनपाशी गेले. मी मागे. बाबांनी हात जोडले. ‘माझी चूक झाली. मी न विचारता बोललो.’

मग माझा नंबर. काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. ‘काका, खांबाला मीच घासली होती. मी खोटं बोलले,’ एवढंच म्हणाले.

काका म्हणाले, ‘मला माहीत होतं, ताई. मी तेव्हा इथेच होतो.’

म्हणजे चार महिने त्यांना माहीत होतं! बाबा ओरडले तेव्हाही. ‘मग बोलला का नाहीत?’ मी विचारलं. ‘तुमच्या बापासमोर तुम्हाला कसं खोटं पाडायचं?’ काका म्हणाले आणि रजिस्टरमध्ये येणाऱ्या गाडीचा नंबर लिहायला लागले.

सेक्रेटरींकडे आम्ही त्याच रात्री गेलो. बाबांनी अर्ज परत घेतला. मी लेखी दिलं की नुकसान मी केलं. सेक्रेटरी जरा नाराज झाले, पण एजन्सीला फोन केला. काका अजून गेटवर आहेत. मला अजून ‘सावकाश जा, ताई’ म्हणतात. फक्त आता मला ते वेगळं ऐकू येतं.

मी चार महिने एक विश्वासू गॅरेज शोधत होते. उस्तादांनी मला बिल दिलं, कामाचे फोटो दिले, वर्षभराची लेखी हमी दिली. माझ्याकडून त्यांना फक्त एका प्रश्नाचं खरं उत्तर हवं होतं, गाडी ठोकली कशी? तेवढं मला देता आलं नव्हतं. पुट्टी भरायची सवय काय फक्त गॅरेजवाल्यांनाच असते?

असो. फार सेंटी झालं. आता कामाचं. हे कापून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा:

• निदान दोन-तीन ठिकाणी एस्टिमेट घ्या, तेही लेखी. पत्राकाम, रंग, पार्ट, लेबर, टॅक्स, सगळं वेगवेगळं लिहिलेलं.

• ‘दार बदलावं लागेल’ म्हटलं तर ‘का?’ विचारा. पत्रा फाटला असेल, कड चेपली असेल तर कारण पटतं. ‘क्लेममध्ये बसतं’ हे कारण नाही.

• पार्ट बदललाच तर जुना पार्ट दाखवायला सांगा, आणि नव्याचं पॅकिंगही.

• रंग टू-के आहे का, बूथमध्ये मारणार का, शेजारच्या पत्र्यावर विरवणार का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा चिडला तर गाडी वळवा.

• कामाच्या मधल्या टप्प्याचे फोटो मागा: पत्रा उघडा असताना आणि पुट्टीनंतर. चांगल्या कारागिराला ते दाखवायला आवडतं.

• गाडी ताब्यात घ्यायला दिवसाउजेडी जा. तीन कोनांतून बघा, दाराच्या फटी सारख्या आहेत का बघा, रबरावर आणि काचेवर रंगाचे शिंतोडे नाहीत ना बघा. काच खालीवर करा, लॉक लावून बघा.

• चुंबकाची युक्ती लोखंडी पत्र्यावरच चालते. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला लावून घाबरू नका!

• नव्या रंगावर महिनाभर वॅक्स पॉलिश नको. साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

• पक्कं बिल घ्या. काम बिघडलं आणि कोणी दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. पण हातात बिल नसेल तर बोलायला तोंड राहत नाही. अनुभवानं सांगते.

आणि शेवटचं. कितीही घाई असू दे, डावा आरसाही बघा. खांब हॉर्न वाजवत नाही.